सूचना चौथी : काच बंद ठेवावी

तारीख अठरा फेब्रुवारी, मंगळवार. रक्कम तीन लाख वीस हजार रुपये. जागा, इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या कंपनीची पहिल्या मजल्यावरची मीटिंगची खोली. हजर सहा जण: कंपनीचे मालक, ज्यांच्या गाड्या होत्या ते ठेकेदार, उस्तादजी, म्हणजे मागच्या गाडीचे चालक, पुढच्या गाडीच्या चालकाची बायको, त्याचा मोठा भाऊ, आणि मी. ज्याच्यासाठी रक्कम ठरली होती तो हजर नव्हता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढला होता आणि जिना चढून येणे त्याला शक्य नव्हते. बैठक तळमजल्यावर घ्यावी हे आमच्यापैकी कुणालाही सुचले नाही. मलाही नाही, आणि अशा गोष्टी सुचणे हेच माझे काम होते.

टेबलावर एक स्टॅम्पपेपर होता. त्यात हिंदीत टाइप केले होते की मागच्या गाडीच्या चालकाने यंत्राच्या सूचनांकडे दुर्लक्ष करून धुक्यात वेगाने गाडी हाकली व अपघात केला. कंपनी व ठेकेदार केवळ माणुसकीच्या भावनेने जखमीच्या कुटुंबाला वरील रक्कम देत आहेत. त्याखाली उस्तादजींच्या सहीची जागा मोकळी ठेवली होती. ती सही झाली की कागदाची एक प्रत पोलिसांकडे जाणार होती. उस्तादजी अठ्ठावन्न वर्षांचे. ड्रायव्हिंगशिवाय त्यांनी दुसरे काही केलेले नाही. सहीनंतर त्यांचे लायसन्स जाणार, ठेकेदाराकडचे काम जाणार आणि खटल्यात त्यांचीच कबुली त्यांच्याविरुद्ध वापरली जाणार, हे त्या खोलीत मला आणि मालकांना पक्के ठाऊक होते. उस्तादजींनाही असावे. त्यांनी चष्मा आणलाच नव्हता.

हे नीट समजण्यासाठी आधीच्या डिसेंबरपासून सांगावे लागेल.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. चंदीगडात चोवीस वर्षे झाली. झिरकपूरला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, त्याचे अजून सात वर्षांचे हप्ते आहेत. कंपनी लहान, माणसे एकतीस. पूर्वी आम्ही ट्रॅक्टरचे मीटर बनवायचो. तीन वर्षांपूर्वी मालकांनी गाड्यांसाठी बिनतारी डबे बनवायला घेतले. डबा टिफिनएवढा. तो सेकंदाला दहा वेळा हवेत सांगतो, की मी अमुक ठिकाणी आहे, वेग इतका, दिशा ही, ब्रेक दाबला आहे किंवा नाही. तीनशे मीटरच्या आतल्या गाडीत तसाच डबा असेल तर तो हे ऐकतो, आणि धोका दिसला तर चालकाला बीप देतो. मोबाईलचे नेटवर्क लागत नाही, इंटरनेट लागत नाही. समोरची गाडी डोळ्यांना दिसत नसतानाही तिने ब्रेक मारलेला कळतो. आमच्याकडच्या धुक्यासाठी याहून चांगले काय असणार, असे मला मनापासून वाटायचे. आजही वाटते, पण आता मी त्यापुढे बऱ्याच अटी घालतो.

माझ्याकडे दोन कामे होती: चाचण्यांचे आकडे ठेवायचे आणि चालकांसाठी सूचनापत्रक लिहायचे.

चाचणीसाठी ठेकेदाराच्या चार टेम्पो ट्रॅव्हलर मिळाल्या. या गाड्या पहाटे झिरकपूरहून रिकाम्या अंबाल्याला जायच्या आणि तिकडची माणसे घेऊन सात वाजेपर्यंत आयटी पार्कला सोडायच्या. माझे घर वाटेवरच, म्हणून मी नऊ दिवस उस्तादजींच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून गेलो आणि आलो. मांडीवर वही, हातात पेन, डोक्याला कानटोपी.

पहिल्याच दिवशी चौघे चालक डबा बघायला जमले. अंबाल्याला ढाब्यावर चहा चालला होता.

"बाबूजी, ये डब्बा रेहडी की भी सुनता है?" पुढच्या गाडीचा चालक म्हणाला. पस्तिशीचा, सतत चेष्टा करणारा माणूस. ज्याचा पाय गेला तो हाच.

मी म्हटले, हातगाडीत डबा नाही, त्यामुळे नाही.

"और नीलगाय की?"

"नाही."

"ट्रक की?"

"ज्या ट्रकमध्ये डबा असेल त्याची."

"किस में है?"

"अजून कुठल्याच नाही."

"तो फिर ये हम चार जनों की आपस की गपशप हुई." सगळे हसले. उस्तादजी हसले नाहीत. त्यांनी डब्यावरची वायर कुठून आली आहे ते वाकून पाहिले. वायर इग्निशनवरून घेतली होती. किल्ली फिरवली की डबा चालू, किल्ली काढली की बंद. "गाड़ी बंद, तो ये भी बंद?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले आणि वहीत शेरा लिहिला: 'इंजिन बंद असताना डबा चालू राहण्यासाठी वेगळी बॅटरी हवी.' तो शेरा मी मालकांना दाखवला. ते म्हणाले, पुढच्या मॉडेलमध्ये घेऊ. मी शेऱ्यासमोर 'पुढील मॉडेल' असे लिहिले आणि तो माझ्या यादीतून संपला.

धुक्यात गाडी चालवण्याची उस्तादजींची एक रीत होती. धुके दाट झाले की ते उजवीकडची काच पूर्ण खाली करायचे. बाहेर चार-पाच अंश तापमान, आत वारा, माझी बोटे पेन धरेनात. त्यांनी पगडीवरून मफलर गुंडाळलेला, पण तोही एका बाजूने वर सरकवलेला, कान मोकळा.

"धुंध में आँख क्या करेगी जी," ते म्हणायचे. "कान से चलाओ."

आणि ते खरोखर कानाने चालवायचे. पुढे ट्रक उभा असेल तर त्याच्या इंजिनाची घरघर त्यांना आधी यायची. एकदा काहीच दिसत नसताना त्यांनी गाडी अगदी हळू केली आणि म्हणाले, आदमी खडे हैं. पंधरा-वीस पावलांवर खरेच तीन माणसे उभी होती, बसची वाट बघत, आपसांत बोलत. अंबाल्याच्या रस्त्यावरचे जुने चालक सगळे असेच करतात. रस्त्यात गाडी बंद पडली तर चालक मागे चालत जातो आणि येणाऱ्यांना ओरडून सांगतो. ऐकणाऱ्याची काच खाली असते हे त्याने धरलेलेच असते.

माझी अडचण अशी झाली, की काच खाली असताना डब्याचा बीप ऐकू येत नव्हता. वाऱ्याचा आवाज, टायरचा आवाज, शेजारच्या ट्रकचा आवाज. मी उस्तादजींना सांगितले होते की बीप ऐकला की स्टिअरिंगवरून एक बोट उचला. पहिले पाच दिवस काच खाली होती: एक्केचाळीस बीप, बोट उचलले तेवीस वेळा. पुढचे चार दिवस काच वर ठेवली: छत्तीस बीप, बोट उचलले पस्तीस वेळा. एवढा स्वच्छ फरक मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिला होता. बीपचा आवाज वाढवावा का, असे मी विचारले होते, पण एक दिवस मोठा भोंगा लावून पाहिल्यावर मागे झोपलेल्या माणसांनी आरडाओरडा केला आणि ठेकेदाराने तो त्याच दिवशी काढायला लावला.

मग मी सूचनापत्रक लिहिले. एकूण नऊ सूचना. चौथी अशी: 'धुक्यात वाहन चालवताना चालकाने आपल्या बाजूची काच बंद ठेवावी, जेणेकरून यंत्राचा इशारा स्पष्ट ऐकू येईल.' हिंदीत भाषांतरही मीच केले. चौघांच्या हाती एकेक प्रत दिली आणि माझ्या प्रतीवर पोच म्हणून चौघांच्या सह्या घेतल्या.

उस्तादजी पेन हातात घेऊन थांबले. "शीशा बंद?"

मी त्यांना वही दाखवली. तेवीस आणि पस्तीस.

"आपने गिना है तो ठीक ही होगा," ते म्हणाले आणि सही केली. या रस्त्यावरची बावीस वर्षांची सवय त्यांनी माझ्या दोन आकड्यांवर सोडली.

मी काय मोजले नव्हते ते सांगतो. वाजलेले बीप मी मोजले. जिथे धोका आहे पण डबा वाजलाच नाही, अशा वेळा मोजल्या नव्हत्या. त्या माझ्या वहीत येण्याची सोयच नव्हती. नऊही दिवस चारही गाड्यांची इंजिने चालू होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात धुके रोज होते आणि गाड्या वेळेवर पोचू लागल्या. पूर्वी दाट धुक्यात उस्तादजी ताशी पंधराने जायचे, आता तिसाच्या वर. मी त्याचा तक्ता करून मालकांना दिला. त्यांनी तो ठेकेदाराला पाठवला, ठेकेदाराने उस्तादजींना शाबासकी दिली. त्या वेगाला तेव्हा कुणी वेग म्हटले नाही. वेळेची बचत म्हटले.

नऊ जानेवारीला, गुरुवारी, सकाळी सव्वासहाच्या सुमारास अंबाल्याकडून येताना पुढची गाडी बंद पडली. डिझेलच्या पाइपात हवा शिरली होती. चालकाने जमेल तेवढी ती डावीकडे घेतली, तरी मागचा निम्मा भाग रस्त्यावरच राहिला. त्याने किल्ली काढली, आतल्या अकरा जणांना उतरवून रेलिंगपलीकडे उभे केले, चारही इंडिकेटर लावले आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन मागे चालू लागला. किल्ली काढली तेव्हा डबा बंद झाला. उस्तादजी त्याच्या मागे सहा-सात मिनिटांच्या अंतरावर होते. त्यांच्या डब्याला पुढे काहीच ऐकू येत नव्हते, म्हणून तो गप्प होता. आत हीटर चालू होता. काच बंद होती.

टॉर्च त्यांना दिसला तेव्हा ब्रेक लागेपर्यंत उशीर झाला होता. डब्याच्या नोंदीत त्या क्षणाचा वेग आहे: चौतीस. गाडीने आधी त्याला उडवले आणि मग उभ्या गाडीला डाव्या कोपऱ्याने घासत थांबली. गाडीतल्या कुणाला मोठी इजा झाली नाही. उस्तादजींनी खाली उतरून स्वतःचा मफलर त्याच्या मांडीला आवळून बांधला. डॉक्टरांनी नंतर सांगितले की त्यामुळे तो वाचला. पाय वाचला नाही.

मी बारा दिवसांनी त्याला भेटायला दवाखान्यात गेलो. सोबत सफरचंदे नेली होती. त्याची बायको पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती. मी आलो तशी ती उठली आणि स्टूल मला दिले. त्याने मला ओळखले, हसायचा प्रयत्नही केला.

"बाबूजी, कॉपी नहीं लाए?"

मी म्हटले, वही नाही आणली.

मग तो छताकडे बघत बोलू लागला. त्याला गाडीचा आवाज आला होता. आवाजावरून उस्तादची गाडी आहे हेही कळले होते. तो रस्त्याच्या कडेला जाऊ शकत होता. गेला नाही. "मैंने सोचा उस्ताद है, शीशा नीचे ही होगा. सुन लेगा. मैं गला फाड़ के चिल्लाया जी. तीन बार." "उस्ताद ने शीशा क्यों चढ़ाया, पता नहीं. इतने साल में कभी नहीं चढ़ाया."

चौथ्या सूचनेवर त्याचीही सही होती. त्याने ती वाचली नव्हती. गाडी चालवताना तो डब्याकडे फारसे लक्षच देत नसे, त्यामुळे काचेचे त्याच्या ध्यानातही नव्हते. मला तिथेच सांगता आले असते. मी सफरचंदे ठेवली, ती कुठल्या दुकानातली आहेत हे त्याच्या बायकोला उगाच सांगितले आणि जिना उतरलो.

पंधरा फेब्रुवारीला, शनिवारी संध्याकाळी, मालकांचा फोन आला. ते वाईट माणूस नाहीत हे मला लिहिले पाहिजे. माझ्या मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या फीच्या वेळी त्यांनी मला न मागता उचल दिली होती. ते म्हणाले, मंगळवारी समझौता आहे, वकील फाईल बघणार आहेत, सूचनापत्रकातली चौथी ओळ अडचणीची आहे. "उसे ज़रा ठीक कर दीजिए. 'आवश्यकता के अनुसार' डाल दीजिए. तारीख वही रहेगी." मी विचारले, आणि सह्या? ते म्हणाले, सह्यांचे पान वेगळे आहे ना, तेच मागे लावा.

सह्यांचे पान वेगळे होते हे खरे. मीच तसे केले होते, कागद नीटनेटके राहावेत म्हणून.

मी ते घरी जेवणाच्या टेबलावर टाइप केले. प्रिंटर मुलीच्या खोलीत आहे. ती कागद घेऊन बाहेर आली. ती चंदीगडातच जन्मली. मराठी सगळे कळते, पण उत्तर हिंदीत देते.

"बाबा, ये तो आपने दिसंबर में बनाया था ना?"

"सुधारित प्रत आहे."

"तो तारीख आज की होनी चाहिए."

स्वयंपाकघरातून माझी बायको म्हणाली, "अगं, ऑफिसचं काम आहे, दे त्यांना." मुलीने कागद दिला. माझ्याकडे पाहिलेही नाही. ती पुन्हा अभ्यासाला बसली. तारखा खऱ्या घालाव्यात हे तिला मीच शिकवले आहे, घरखर्चाच्या वहीत, ती दहा वर्षांची असताना.

नवे पान मी फाईलला लावले. जुने पान फाडले नाही, बॅगेत ठेवले. का ठेवले याचे उत्तर मला चांगले देता येत नाही. कागद फाडायची सवय नाही, एवढेच म्हणतो. रविवारी आणि सोमवारी ते बॅगेतच होते आणि मंगळवारी अकरा वाजता बॅग माझ्या खुर्चीशेजारी होती.

मालकांनी स्टॅम्पपेपर मोठ्याने वाचून दाखवला. चहा आला. ठेकेदार म्हणाले की कंपनी दोन लाख सत्तर हजार देणार, आम्ही पन्नास देणार, विम्याचा दावा वेगळा चालेल, त्याला वर्षे लागतील. हे पैसे आत्ता हातात. भावाने मान हलवली. उस्तादजी म्हणाले, "जो लिखना है लिख लो जी, कहाँ करने हैं साइन?" ठेकेदाराने बोट ठेवून जागा दाखवली.

तेव्हा जखमीची बायको पहिल्यांदा बोलली. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि उस्तादजींना विचारले, "ताऊजी, एक बात बता दो. शीशा क्यों बंद था?"

उस्तादजींनी माझ्याकडे पाहिले. अगदी थोडा वेळ पाहिले. त्यांना सगळे आठवत होते. माझी वही, ते दोन आकडे, सही करण्यापूर्वीचा त्यांचा प्रश्न. मग त्यांनी नजर तिच्याकडे वळवली.

"ठंड थी, बेटा," ते म्हणाले.

ती रडू लागली. आवाज न करता. "ठंड थी," ती नवऱ्याच्या भावाला म्हणाली, जणू त्याने ऐकले नव्हते.

उस्तादजींनी पेन उचलले. मी म्हणालो, "थांबा." मराठीतच म्हणालो, मग हिंदीत. मी बॅगेतून जुने पान काढून स्टॅम्पपेपरवर ठेवले आणि सांगितले की थंडी नव्हती, म्हणजे होती, पण काच त्यासाठी बंद नव्हती. काच बंद ठेवायला मी लिहून दिले होते. त्यांनी विचारले तेव्हा मी आकडे दाखवले. फाईलमधले पान खोटे आहे आणि तेही मीच शनिवारी केले. आवाज स्थिर राहिला. पेपर वाचल्यासारखे सांगितले. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने मला जमले नसते.

"बाबूजी, रहने देते," उस्तादजी म्हणाले.

मालकांनी पान उचलून वाचले. मग म्हणाले, "आप को मैंने घर का आदमी समझा था." ते उठून बाहेर गेले, वकिलांशी फोनवर बोलले. आम्ही पाच जण पंधरा-वीस मिनिटे बसून होतो. भावाने मला विचारले की तुमच्या कंपनीत मीटर बनवतात की डबे. मी सांगितले. तो म्हणाला, मीटरच बनवायचे होते.

मालक परत आले तेव्हा बसले नाहीत. त्यांनी सांगितले की आता या कागदावर कंपनीने पैसे दिले तर ती कंपनीच्या चुकीची कबुली होते, वकील ते करू देणार नाहीत. कंपनी मदत म्हणून दीड लाख देईल, कुठलेही कारण न लिहिता. बाकीचे कोर्टात बघू. ठेकेदार घाईने म्हणाले, आमचे पन्नास कायम.

मी मनात वजाबाकी केली. एक लाख वीस हजार कमी.

तिनेही केली असावी. तिने डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे बघून बोलली. ते वाक्य मी हिंदीत ऐकले, पण आता ते मला मराठीतच आठवते: तुम्ही दवाखान्यात आला होतात तेव्हा का नाही बोललात? तेव्हा बोलला असतात तर मी ताऊजींना चाळीस दिवस शिव्या दिल्या नसत्या. आणि आज बोलायचे होते तर पैसे मिळाल्यावर बोलायचे होते.

दोन्ही गोष्टी बरोबर होत्या.

उस्तादजींची सही झाली नाही, एवढे त्या दिवशी साधले. तो कागद मालकांनी परत कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी जुने पान, पोचेच्या सह्या आणि माझ्या वहीची झेरॉक्स घेऊन पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदाराने सगळे शांतपणे ऐकले.

"गाड़ी आप चला रहे थे?"

"नाही."

"गाड़ी आप की थी?"

"नाही."

"तो आप किस लिए आए हैं?"

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितले. त्याने जबाब लिहून घेतला. निष्काळजीपणाची केस उस्तादजींवरच आहे, कारण स्टिअरिंगवर ते होते. पण त्यांची कबुली फाईलमध्ये नाही आणि माझा जबाब आहे. उस्तादजींचे वकील म्हणतात, याने फरक पडेल. किती, ते सांगत नाहीत.

घरी मी बायकोला सगळे सांगितले. ती पोळ्या लाटत होती.

"अहो, नोकरी गेली का?"

"अजून नाही. मार्चअखेर जाईल."

"आणि त्या बाईचे पैसे?"

"एक लाख वीस हजारांनी कमी झाले."

तिने पोळी तव्यावर टाकली, उलटली. "तुमच्या बोलण्यानं?"

"हो."

"मग आपण बघायला हवं काय जमतंय ते," ती म्हणाली. मुलीने पाणी आणून ठेवले आणि विचारले, "बाबा, वो पहला वाला भी आप ही ने लिखा था?" मी हो म्हटले. ती तिच्या खोलीत गेली.

मार्चअखेर मी कंपनी सोडली. मालकांनी अनुभवाचा दाखला चांगला दिला. आता मी एका टाइल्सच्या शोरूमचे हिशेब बघतो. चारही गाड्यांतले डबे काढले. मला ते पटले नाही. डब्यात दोष होता तो बॅटरीचा, आणि दुसरा माझ्या पत्रकाचा. दोन्ही दुरुस्त करण्यासारखे होते. पण विचारायला कुणी उरले नव्हते. उस्तादजींना ठेकेदाराने परत गाडी दिली नाही. केस संपेपर्यंत म्हणाले. ते ट्रान्सपोर्टच्या आवारात रात्रपाळीला गेटवर बसतात.

अखेर दिले गेले ते असे. कंपनीने दीड लाख, धनादेशाने, फेब्रुवारीत. ठेकेदाराने पन्नास कबूल केले होते, वीस हजार दिले. माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून पंच्याऐंशी हजार. ते मी बायकोला सोबत घेऊन जाऊन दिले. त्या बाईने मोजून घेतले आणि आम्हाला बसा म्हटले नाही. शेवटचे चाळीस हजार एप्रिलमध्ये उस्तादजींनी दिले. मी त्यांना सांगितले होते की तुमच्याकडून काही येणे नाही, कुठल्याही कागदावर तसे नाही. ते म्हणाले, "गाड़ी तो मेरे हाथ में थी जी." त्यांनी रुमालात बांधलेले पैसे तिच्या हातात ठेवले, आणि ती त्यांच्यासाठी चहा करायला आत गेली. एकूण दोन लाख पंच्याण्णव हजार, सगळे तिच्याकडे.